युकिकाझे : एका जहाजाचा पायगुण

घरात नवी सून आली आणि त्याच आठवड्यात गोठ्यातली दुभती म्हैस मेली, तर दोष म्हशीच्या रोगाला लागत नाही, सुनेच्या पायाला लागतो. 'पांढऱ्या पायाची' हे विशेषण एकदा चिकटले की आयुष्यभर सुटत नाही. उलट त्याच आठवड्यात सासऱ्यांचा वर्षानुवर्षे रखडलेला दावा निकालात निघाला, तर तीच सून लक्ष्मीच्या पावलांनी आलेली ठरते. म्हैस काय किंवा दावा काय, त्या बिचारीचा दोहोंशी काडीइतकाही संबंध नसतो. विचार करण्याचा हा प्रकार खास आपल्याच मातीतला असावा, असा माझा बरेच दिवस समज होता. दुसऱ्या महायुद्धातील एका जपानी विनाशिकेची कारकीर्द वाचली आणि तो गळून पडला. यंत्रविद्येत पारंगत आणि शिस्तीला कडक अशा आरमारातही एकाच जहाजाला कोणी 'भाग्यवान' म्हणत होते, तर कोणी 'मृत्युदेवता'. त्या जहाजाचे नाव युकिकाझे.

आपल्यापैकी ज्यांचा समुद्रप्रवास गेटवेपासून घारापुरीपर्यंतच झाला आहे (त्यांत मीही आलो), त्यांच्यासाठी विनाशिका म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आरमारातल्या मोठ्या रणनौका म्हणजे हत्ती मानले, तर विनाशिका म्हणजे घोडेस्वार. अंगावर चिलखत जवळजवळ नाही. सारी भिस्त वेगावर आणि पाणतीरांवर. मोठ्या नौकांभोवती कडे करून चालायचे, पाणबुड्यांचा माग काढायचा, काळोखात शत्रूवर पाणतीर सोडून निसटायचे, सैन्य उतरवायचे, हरलेले सैन्य परत आणायचे, बुडणाऱ्यांना दोर टाकून वर ओढायचे, अशी घरातल्या धाकट्या सुनेला असावीत तितकी कामे हिच्यामागे. आणि बुडण्याचा पहिला मानही पुष्कळदा हिचाच.

युकिकाझेचा कणा सासेबो येथील आरमारी कारखान्यात २ ऑगस्ट १९३८ रोजी बसवला गेला. २४ मार्च १९३९ ला ती पाण्यात उतरली आणि २० जानेवारी १९४० ला आरमारात रुजू झाली. लांबी ११८.५ मीटर, वजन सुमारे २,००० टन, वेग ताशी ३५ सागरी मैल. १२.७ सेंटिमीटरच्या ६ तोफा आणि ६१ सेंटिमीटर व्यासाचे पाणतीर सोडणाऱ्या ८ नळ्या. हे पाणतीर शुद्ध प्राणवायूवर चालत, त्यामुळे पाण्यावर बुडबुड्यांची रेघ फारशी उमटत नसे आणि त्यांचा पल्लाही त्या काळच्या कोणत्याही पाणतीरापेक्षा लांब होता.

युकि म्हणजे बर्फ आणि काझे म्हणजे वारा. जपान्यांनी आपल्या विनाशिकांना नावे ठेवली ती पुष्कळशी ऋतूंची आणि आभाळाची. हात्सुकाझे म्हणजे ऋतूतला पहिला वारा. असागुमो म्हणजे सकाळचा ढग. फुयुत्सुकी म्हणजे हिवाळ्यातला चंद्र. शिगुरे म्हणजे शरद सरताना येणारी भुरभूर. कागेरो म्हणजे तापलेल्या जमिनीवर थरथरणारी उन्हाची झळ. मराठीच्या तासाला निसर्गकवितेवर टिपणे काढणाऱ्यांनी या यादीकडे जरूर पाहावे. अशी नावे पोलादावर रंगवून त्याच पोलादाच्या पोटात पाणतीर भरायचे, याला काय म्हणावे ते मला कळत नाही. पण हे नावे ठेवणाऱ्यांना विसंगत वाटले नसणार, एवढे खरे.

युकिकाझे ही कागेरो वर्गाची. या वर्गाच्या १९ सख्ख्या बहिणी आणि त्यानंतरच्या युगुमो वर्गाच्या, म्हणजे चुलत म्हणाव्यात अशा, आणखी १९. एकूण ३८. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली, त्या दिवशी या ३८ पैकी पाण्यावर एकच होती. तिच्या भाग्याची कथा सुरू होते ती या आकड्यापासून.

युद्धाचे पहिले काही महिने मी भराभर ओलांडतो. डिसेंबर १९४१ मध्ये फिलिपाइन्सच्या लेगास्पीला सैन्य उतरवण्यात ती होती, मग सेलेबीस, अंबॉन, तिमोर आणि फेब्रुवारी १९४२ च्या अखेरीस जावा समुद्रातली लढाई. जपान जिंकत होता, आणि जिंकणाऱ्याच्या बाजूला असताना कोणाच्या पायगुणाची चौकशी कोणी करीत नाही. मात्र एक गोष्ट ओलांडून जाता येत नाही. अंबॉनवर उतरलेल्या जपानी सैन्याने लाहा येथील विमानतळाजवळ, फेब्रुवारी १९४२ मध्ये, शरण आलेल्या सुमारे तीनशे ऑस्ट्रेलियन व डच सैनिकांची कत्तल केली. त्या स्वारीला संरक्षण देणाऱ्या ताफ्यात युकिकाझे होती. तिच्या खलाशांनी तलवार उपसली नाही हे मान्य. पण 'भाग्यवान जहाज' हा शब्द वाचताना 'कोणाचे भाग्य?' असा प्रश्न मनात ठेवावा लागतो, तो इथून.

पायगुणाची गोष्ट सुरू झाली ती नोव्हेंबर १९४२ मध्ये, ग्वादलकनाल बेटापाशी. १३ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वीच्या अंधारात जपानी आणि अमेरिकन नौका एकमेकींत मिसळून, अगदी हाकेच्या अंतरावरून, तोफा डागीत होत्या. हिएइ ही मोठी रणनौका त्या चकमकीत जायबंदी झाली. तिचे सुकाणू निकामी झाले. ताफ्याचे प्रमुख आबे हिरोआकी यांनी हिएइ सोडून युकिकाझेवर आपले निशाण हलवले. दिवसभर विमाने येत राहिली. सुकाणू नसलेली ती प्रचंड नौका गोल गोल फिरत राहिली आणि संध्याकाळनंतर बुडाली. जपानने त्या युद्धात गमावलेली ही पहिली मोठी रणनौका. युकिकाझे शेजारीच होती आणि तिला फारसे काही झाले नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये ग्वादलकनाल सोडून देण्याचे ठरले. विनाशिकांनी तीन रात्री खेपा करून १०,००० हून अधिक उपाशी, हिवतापाने खंगलेले सैनिक तिथून काढले. त्यांत युकिकाझे होती. पुढच्याच महिन्यात बिस्मार्क समुद्रातले ते भयंकर प्रकरण घडले. न्यू गिनीतल्या लाए बंदराकडे ८ वाहतूक जहाजे आणि ८ विनाशिका निघाल्या होत्या. बरोबर सुमारे ६,९०० सैनिक. २ मार्चला पहिले वाहतूक जहाज बुडाले. त्यातल्या वाचलेल्यांपैकी शेकडो जणांना युकिकाझे आणि असागुमो या दोघींनी पाण्यातून उचलले, रात्रीतून लाएला धावत नेऊन उतरवले आणि त्या परत फिरून ताफ्याला येऊन मिळाल्या. हे परत येणे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ३ मार्चच्या सकाळी अमेरिकन व ऑस्ट्रेलियन विमाने लाटांवरून अगदी खालून आली. उरलेली सारी वाहतूक जहाजे आणि ४ विनाशिका संपल्या. पुढल्या दिवसांत तराफ्यांवर तरंगणाऱ्या माणसांवरही मशिनगन चालवल्या गेल्या. सुमारे ३,००० माणसे मेली. युकिकाझे पुन्हा सुखरूप.

आता तिच्या घरची हकीकत पाहा. विनाशिका चार-चारच्या तुकड्यांनी राहत. युकिकाझे मूळची १६ व्या तुकडीची. बरोबर हात्सुकाझे, आमात्सुकाझे आणि तोकित्सुकाझे. तोकित्सुकाझे बिस्मार्क समुद्रात गेली. हात्सुकाझे २ नोव्हेंबर १९४३ ला गेली. आमात्सुकाझेचा पुढचा भाग जानेवारी १९४४ मध्ये पाणतीराने उडाला. घर मोडले, म्हणून युकिकाझेला १७ व्या तुकडीत धाडण्यात आले. तिथे आधीच उराकाझे, तानिकाझे, इसोकाझे आणि हामाकाझे अशा चौघी होत्या. तानिकाझे ९ जून १९४४ ला तवी-तवी बेटाजवळ हार्डर या अमेरिकन पाणबुडीने बुडवली. उराकाझे २१ नोव्हेंबर १९४४ ला सर्व माणसांसह गेली. त्याच पहाटे त्याच पाणबुडीने कोंगो ही मोठी रणनौकाही बुडवली होती. उरलेल्या तिघींवर आठवडाभरात शिनानो या अजस्र विमानवाहू नौकेला योकोसुकाहून कुरेला पोचवण्याचे काम आले. २९ नोव्हेंबरला तीही बुडाली. ७ एप्रिल १९४५ ला यामातो गेली, आणि तिच्याबरोबर इसोकाझे व हामाकाझे.

हे सारे ओळीने वाचले की कोणाचाही हात आपोआप कपाळाकडे जाईल. हिएइ, कोंगो, शिनानो, यामातो. दोन तुकड्यांतल्या सात सोबतिणी. आणि मध्ये ही एक, ओरखड्यानिशी परतणारी. तिला संरक्षणाला घेतले की ज्याचे संरक्षण करायचे तेच बुडते! म्हणून काहींनी तिला 'मृत्युदेवता' म्हटले, काहींनी साथीचा रोग आणणाऱ्या देवाचे नाव दिले. म्हणजेच पांढऱ्या पायाची. शब्द जपानी, सासू तीच.

खलाशांना मी हसत नाही. आपले कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याखेरीज होडी लोटत नाहीत, आणि ज्याने खवळलेला दर्या पाहिलेला नाही त्याने त्यांना शहाणपण शिकवू नये. ज्याचा जीव रोज टांगणीला लागलेला असतो, त्याला नशीब हा शब्द लागतोच. माझा आक्षेप आहे तो नंतर, कोरड्या जमिनीवर बसून, निवांतपणे इतिहास लिहिणाऱ्यांच्या तोंडी तोच शब्द येतो याला. कारण तिथे तो शब्द काम करतो ते झाकण्याचे.

एकेक झाकण उघडून पाहू. हिएइ बुडाली ती सुकाणूच्या दालनात पाणी शिरल्यामुळे आणि शत्रूच्या विमानतळाच्या टप्प्यात उजाडेपर्यंत अडकून पडल्यामुळे. शिनानोचे काय झाले? ती १९ नोव्हेंबर १९४४ ला रुजू झाली आणि दहाव्या दिवशी तळाला गेली. तिचे काम पुरे झालेले नव्हते. पाणी अडवणारी दारे-झडपा सर्वत्र बसलेल्या नव्हत्या, खलाशी त्या जहाजाला नवखे होते, आणि तरीही तिला घाईने बंदराबाहेर काढण्यात आले. आर्चरफिश पाणबुडीचे ४ पाणतीर तिला लागले. पुऱ्या बांधलेल्या जहाजाने ते पचवले असते असे म्हणणारे जाणकार आहेत. सुमारे १,४०० माणसे गेली. १,०८० माणसे वाचली, ती याच तीन विनाशिकांनी पाण्यातून काढली म्हणून. आणि यामातो? तिला ओकिनावाकडे पाठवले ते विमानांच्या छत्राशिवाय, परत येण्याची अपेक्षाच न ठेवता. ताफ्याचे प्रमुख इतो सेइची यांनी या मोहिमेला आधी विरोध केला होता. हुकूम वरून आला. सुमारे पावणेचारशे विमाने तिच्यावर तुटून पडली आणि दोन तासांत सगळे संपले. एकट्या यामातोवरची सुमारे ३,००० माणसे मेली.

यांत युकिकाझेचा पाय कोठे आला? अर्धवट जहाज समुद्रात ढकलणाऱ्यांना, छत्राशिवाय ताफा पाठवणाऱ्यांना हा पायगुणाचा हिशेब फार सोयीचा आहे. गोठा साफ न ठेवणारा यजमान नाही का, सुनेच्या पायाकडे बोट दाखवून मोकळा होतो!

आता भाग्याची बाजू. ती ७ एप्रिलला परत आली कशी? त्या दिवशी यामातोबरोबर याहागी ही हलकी क्रूझर आणि ८ विनाशिका होत्या. याहागी आणि ४ विनाशिका गेल्या. युकिकाझे, फुयुत्सुकी, सुझुत्सुकी आणि हात्सुशिमो या चौघी परतल्या. विमानांचे पहिले लक्ष्य यामातो होती, हे एक कारण. दुसरे, तिचे कप्तान तेराउची मासामिची. त्यांच्याविषयी सांगतात की हवाई हल्ल्यात ते पुलाच्या छतातल्या झरोक्यातून डोके बाहेर काढून आभाळाकडे पाहत उभे राहत आणि जहाज कोठे वळवायचे ते खाली बसलेल्या अधिकाऱ्याच्या उजव्या किंवा डाव्या खांद्याला पायाने ढोसून कळवीत. पायगुण म्हणायचाच, तर तो हा! त्या दिवशी एक रॉकेट तिच्या अन्नसामग्रीच्या कोठारात घुसले आणि फुटले नाही. याला योगायोगच म्हणावे लागेल; मी नाकारीत नाही.

पण तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते, आणि भाग्याच्या कथेत त्याला एक ओळ मिळते. यामातो कलंडत असताना इतोंनी मोहीम रद्द केली आणि वाचलेल्यांना उचलून परत फिरण्याची आज्ञा दिली. ते स्वतः आपल्या दालनात गेले आणि जहाजाबरोबर बुडाले. ती आज्ञा झाली नसती, तर उरलेल्या चौघींचा पुढचा मार्ग ओकिनावाचाच होता. युकिकाझेने पाण्यातली माणसे वर घेतली, चालू न शकणाऱ्या इसोकाझेवरची माणसे उतरवून घेतली आणि त्या सोबतिणीला स्वतःच्या तोफांनी बुडवले. तिच्या स्वतःच्या खलाशांपैकी त्या दिवशी तिघे मेले. एका माणसाने वेळेवर 'पुरे' म्हटले म्हणून हे जहाज वाचले. याला नशीब म्हणणे म्हणजे त्या माणसाच्या वाट्याचे श्रेय ग्रहांना देऊन टाकणे होय.

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' ही म्हण आपण येताजाता वापरतो. तिचा अर्थ मात्र गरज असते तिथे विसरतो. ३८ जहाजांपैकी एखादे उरू शकते. जे उरते त्याला आपण मागाहून भाग्यवान म्हणतो. याचा पुरावा शिगुरे. जपानी खलाशांत 'कुरेची युकिकाझे आणि सासेबोची शिगुरे' अशी भाग्यवान जोडी सांगत. दोघीही अनेक लढायांतून सहीसलामत सुटलेल्या. २४ जानेवारी १९४५ ला सयामच्या आखाताजवळ ब्लॅकफिश नव्हे, ब्लॅकफिन नावाच्या पाणबुडीने शिगुरेला बुडवले (ही पाणबुड्यांची मत्स्यनामे माझी नेहमी गल्लत करतात). त्या दिवशी तिचे भाग्य कोठे गेले? कोठेही नाही, ते कधी नव्हतेच. ती गेली आणि जोडीतली एक उरली, म्हणून आज हा लेख युकिकाझेवर आहे. ३० जुलै १९४५ ला मियाझूच्या उपसागरात युकिकाझेबरोबर असलेली हात्सुशिमो पाण्यातल्या सुरुंगाने बुडाली. युद्ध संपायला पुरे तीन आठवडेही उरले नव्हते.

बहुतेक वृत्तांत इथे आवरते घेतात. युद्ध संपले, जहाज वाचले, टाळ्या. मला मात्र तिची खरी कारकीर्द यापुढची वाटते.

शरणागतीच्या वेळी साठ लाखांहून अधिक जपानी माणसे, सैनिक आणि नागरिक मिळून, मायदेशाबाहेर होती. मांचुरियात, चीनमध्ये, पॅसिफिकच्या बेटांवर. त्यांना आणायला जहाजे हवी होती आणि जहाजे तर बहुतेक तळाला. जी काही उरली ती या कामाला जुंपली गेली. युकिकाझेच्या तोफा आणि पाणतीरांच्या नळ्या काढून टाकण्यात आल्या आणि जिथे त्या होत्या तिथे डेकवर माणसांसाठी निवारे बांधले गेले. १९४६ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत तिने १५ खेपा केल्या आणि सुमारे १३,००० माणसे घरी आणली. सुमारे २४० खलाशांसाठी बांधलेले ते जहाज. खेपेला सरासरी साडेआठशेहून अधिक माणसे. ती कशी बसली असतील, कशी निजली असतील याची कल्पना गणपतीच्या दिवसांत कोकणात एस.टी.ने गेलेल्यांना थोडीफार करता येईल, फक्त दिवस आठवड्यांनी मोजायचे आणि बरोबरची माणसे अर्धपोटी, आजारी, काही हातापायांनी अधू, असे धरायचे.

राबौलहून आलेल्या अशा एका खेपेत मिझुकी शिगेरू नावाचा एक तरुण सैनिक होता. न्यू ब्रिटन बेटावर हवाई हल्ल्यात त्याचा डावा हात गेला होता. चित्रे काढण्याची आवड असलेल्या माणसाचा एक हात जावा आणि तो चित्रकथाकारच व्हावा! पुढे हाच मिझुकी जपानभर प्रसिद्ध झाला. किटारो या भुताखेतांच्या दुनियेतल्या मुलाच्या त्याच्या चित्रकथा तिथे घरोघर वाचल्या गेल्या. १९७३ मध्ये त्याने न्यू ब्रिटनमधल्या सैनिकांवर एक चित्रकथा लिहिली. मरण्याचा हुकूम सुटला असताना जे जिवंत राहिले, त्यांच्या जगण्याचीच वरिष्ठांना कशी लाज वाटली, हा तिचा विषय. २०१५ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी तो वारला. त्या १३,००० मधला हा एक, नाव झाले म्हणून आपल्याला ठाऊक असलेला.

आणि आता तिच्या नोंदींची दुसरी बाजू मांडून पाहा. ग्वादलकनालचे उपाशी सैनिक, बिस्मार्क समुद्रातले बुडते, शिनानोचे, यामातोचे, इसोकाझेचे खलाशी, आणि शेवटी हे १३,०००. तिने किती जहाजे बुडवली याची गोळाबेरीज युद्धाचे शौकीन करतात, आणि त्या आकड्यांवर त्यांचे कधी एकमत होत नाही. तिने किती माणसे पाण्यातून आणि परमुलखातून काढली, याची बेरीज क्वचितच कोणी करते. तिला 'मृत्युदेवता' म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की बुडत्या जहाजाशेजारी ती नेहमी दिसते याचा दुसरा अर्थ असा नाही का, की ती नेहमी तिथे थांबली? इस्पितळात माणसे मरतात म्हणून कोणी दाईला अपशकुनी म्हणत नाही. की म्हणतात? आपल्या खेड्यापाड्यांत म्हणतही असतील.

येथे वर्गातला मित्र मला अडवील, हे मला ठाऊक आहे. तो म्हणेल, पोलादाच्या सांगाड्याला तू दयाळू ठरवतो आहेस. कालपर्यंत हेच जहाज पराव्यांच्या भूमीवर सैन्य उतरवीत होते. त्याचे म्हणणे बरोबर आहे. जहाज दयाळू नसते, तसेच ते अपशकुनीही नसते. ज्यांनी त्याला पाठवले त्यांचे ते काम करते. १९४२ मध्ये त्याला अंबॉनला पाठवणारी माणसे होती आणि १९४६ मध्ये राबौलला पाठवणारीही माणसेच. जहाज तेच, पंखे तेच, फक्त तोफा काढलेल्या.

पुढची हकीकत थोडक्यात. उरलेली जपानी जहाजे जेत्या राष्ट्रांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतली. युकिकाझे चीनच्या वाट्याला आली आणि जुलै १९४७ मध्ये शांघायला तिचे हस्तांतर झाले. ताब्यात घेताना जहाज इतके नेटके, घासूनपुसून ठेवलेले होते की परक्या अधिकाऱ्यांनीही नावाजले, असे सांगतात. हरलेल्या देशाचे जहाज, उद्या दुसऱ्याला द्यायचे, आणि तरी पितळ लखलखीत! तिचे नाव 'दानयांग' झाले. चिनी यादवीत १९४९ साली राष्ट्रवादी सरकार तैवानला गेले, तिकडे तीही गेली आणि तिथे तिच्यावर पुन्हा तोफा चढल्या. ऑक्टोबर १९५३ मध्ये तिने 'प्राका' हे पोलिश आणि जून १९५४ मध्ये 'तुआप्से' हे सोव्हिएत तेलवाहू जहाज भर समुद्रात पकडले. तुआप्सेच्या ४९ खलाशांपैकी काही तर थेट १९८८ मध्ये मायदेशी पोचू शकले. हजारोंना घरी पोचवलेल्या जहाजाने या मूठभरांचे घर तीसहून अधिक वर्षे दुरावले. पायगुणवाल्यांनी हा हिशेब कोठे मांडावा?

१९६६ मध्ये ती निवृत्त झाली. तिला परत आणून जतन करावी, अशी तिच्या जुन्या खलाशांची इच्छा होती. ते जमले नाही. १९६९ मध्ये तुफानात तिचे नुकसान झाले आणि १९७०-७१ मध्ये तैवानमध्ये ती मोडीत काढण्यात आली. जपानमध्ये तिचे नाव मात्र चालूच राहिले. १९५६ मध्ये नव्या सागरी दलाच्या एका विनाशिकेला ते मिळाले. १९७४ च्या यामातोवरील अंतराळ-चित्रमालिकेत ते एका अंतराळनौकेला दिले गेले. आणि २०२३ च्या गॉडझिलावरील गाजलेल्या चित्रपटात खुद्द तीच दाखवली आहे, युद्धानंतरची, तोफा काढलेली. चित्रपटवाल्यांनी हा काळ निवडला, याचे मला समाधान वाटले.

मोडतोड झाली तेव्हा काही वस्तू बाजूला काढून ठेवल्या होत्या. सुकाणूचे चक्र आणि नांगर जपानला परत मिळाले आणि हिरोशिमाजवळच्या एताजिमा येथील आरमारी शाळेत ठेवण्यात आले. पंखा तैवानमध्येच, त्सोयिंगच्या नौदल प्रबोधिनीत राहिला. बाकीचे पोलाद भंगारात गेले.